‘शिक्के मारायला एमलिब कशाला?’ : त्या फॉरवर्डला उत्तर

प्राध्यापकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: पुस्तकावर शिक्का मारून ते कपाटात ठेवायला बीलिब-एमलिब, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या, कशाला, गूगल आणि एआय आल्यावर ग्रंथपालाची गरजच काय, सगळं ऑनलाइन फुकट मिळतं, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन कार्डांच्या जमान्यातले, या विषयात पीएचडी म्हणजे विनोद, पदवीधरांना नोकऱ्याही नाहीत, सबब मुंबईतल्या विद्यापीठांनी हे विभाग बंद करून जागा डेटा सायन्सला द्यावी. मी उपनगरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, तेव्हा तटस्थपणाचा आव आणत नाही. पण एकेक मुद्दा घेऊ.

शिक्क्यापासून सुरुवात. शिक्का मारायला पदवी लागत नाही, हे शंभर टक्के खरं. ते काम आमच्याकडे ग्रंथालय परिचर करतात आणि चोख करतात. पदवी लागते ती त्यापुढच्या कामाला. राम गणेश गडकरींचंच घ्या. नाटकं स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने, विनोदी लेखन ‘बाळकराम’ म्हणून. विद्यार्थ्याने नुसतं ‘गडकरी’ टाइप केलं तरी तिन्ही हाती लागायला हवं, आणि पुस्तकावर छापलेलं नाव तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, बदलताही कामा नये. त्यासाठी प्रत्येक नावाची प्रमाणित नोंद करायची आणि त्या नोंदी ‘हेही पाहा’ने एकमेकींना जोडायच्या. रोमन लिपीतली तालिका असेल तर आणखी मजा. कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत ज्ञानेश्वर शोधून बघा. कुठे नाव ‘डी’ने सुरू होतं, कुठे ‘जे’ने, कुठे ‘जी’ने. नोंदी जोडलेल्या नसतील तर एकाच संताची तीन माणसं होतात.

देवनागरीत तरी सुटका आहे का? ‘तऱ्हा’ शब्दातला तो अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चीही तीच गत. शीर्षक एका प्रकारे नोंदवलं आणि वाचकाने दुसऱ्या प्रकारे शोधलं, की पुस्तक कपाटात असूनही पडद्यावर ‘आढळले नाही’. जुन्या फॉण्टमध्ये भरलेल्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा जो चेंदामेंदा होतो, तो निस्तरणाऱ्यालाच ठाऊक. हे कोहासारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवून आपोआप होत नाही. कोहा फुकट आहे, चांगलं आहे, पण नोंद कशी करायची ते माणसालाच ठरवावं लागतं.

आता गूगल. पानांचा क्रम ठरवण्याची गूगलची मूळ युक्ती १९९८ची: ज्या पानाकडे जास्त आणि वजनदार पानं बोट दाखवतात, ते पान वर. संशोधनलेखाचं वजन त्याला मिळालेल्या संदर्भांवरून जोखायची पद्धत त्याआधी युजीन गारफिल्ड यांनी रुळवली होती. त्यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कुठल्या लेखाने कुठल्या लेखाचा संदर्भ दिला याची सूची, १९६०च्या दशकातला. गूगलच्या संस्थापकांच्या सुरुवातीच्या लेखनात गारफिल्ड यांचा संदर्भ आहे. आणि या गारफिल्डकडे कोलंबिया विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची पदवी होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हे गूगल करून पाहिलं असतं तरी चाललं असतं.

एआयचं तर विचारूच नका. प्रोजेक्टच्या मोसमात मुलं संदर्भांची यादी घेऊन येतात, “मॅडम, हे लेख कुठेच मिळत नाहीयेत.” यादी दिसायला देखणी असते. नियतकालिक खरं, लेखकही खरा आणि त्याच विषयावर लिहिणारा. मग खंड आणि वर्ष ताडून बघायचं. वर्षाला एकच खंड निघतो, पहिला खंड अमुक साली, म्हणजे यादीतला खंड यादीतल्या वर्षी निघणं शक्यच नाही. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकून बघायचा, तर मातीच्या क्षारतेवरचा भलताच लेख उघडतो. म्हणजे लेख मुळात लिहिलाच गेलेला नाही, यंत्राने रचलाय. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असेच एआयने रचलेले खटले न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. ही ताडून बघायची सवय एमलिबच्या संदर्भसेवेच्या तासाला लागते. एआय आल्यापासून माझ्या टेबलापुढची गर्दी वाढलीय, कमी झालेली नाही.

‘सगळं फुकट’ हा मुद्दा एका आकड्यात निकालात निघतो. संशोधन नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळावीत म्हणून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. वाचणाऱ्याला फुकट दिसतं, कारण पैसे दुसऱ्याने भरलेले असतात.

रंगनाथन कालबाह्य म्हणणाऱ्यांनी ऑनलाइन साडी घेताना पडद्याची डावी बाजू बघावी. रंग, कापड, किंमत, काठ, प्रत्येकाचा वेगळा रकाना आणि हवे ते एकत्र जोडायची सोय. वस्तूला एकाच खणात न कोंबता तिचे पैलू सुटे करून हवे तसे जोडायचे, हा विचार रंगनाथन यांनी १९३३च्या ‘कोलन’ या ग्रंथ-वर्गीकरण पद्धतीत मांडला. त्यांची वर्गीकरण पद्धत आज फारशी वापरात नाही, हे मात्र कबूल.

पीएचडीच्या मुद्द्यावर फॉरवर्डवाल्याशी माझं अर्धं जमतं. ‘अमुक जिल्ह्यातील महाविद्यालयीन शिक्षकांकडून ई-साधनांचा वापर’ या साच्यातले प्रबंध उदंड झालेत. जिल्हा बदलायचा, प्रश्नावली तीच, निष्कर्षही तेच: प्रशिक्षणाची गरज आहे. वाचून जीव विटतो. पण साचा सगळ्याच विषयांत आहे, शिक्षणशास्त्रात आणि वाणिज्यात काही कमी नाही, आणि तिथले विभाग बंद करा असं कोणी म्हणत नाही. करण्यासारखं काम इथे ढीगभर पडलंय. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९३८ ते १९५०ची. आजही मराठीचा अभ्यासक त्यांच्या पानांवर बोट ठेवूनच पुढे सरकतो. तसं काम दिवाळी अंकांचं कोण करणार? ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ साली मुंबईतून निघाला. तेव्हापासून किती कथा, लेख, मुलाखती त्या अंकांत पडून आहेत! ग्रंथालयाच्या तालिकेत फार तर अंकाचं नाव आणि वर्ष असतं, आतलं काही नाही. किंवा पुस्तकांना विषयवार आकडे देणारी ड्यूई पद्धत घ्या: इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ अख्खी दहाई, मराठीला ८९१.४६. सगळं मराठी साहित्य त्या दशांशापुढे लांबतच जातं आणि पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीत मावत नाही. मराठी ग्रंथालयांनी यावर काय करावं, हा प्रबंधाचा विषय आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्या विभागात लिहिला जाणार नाही. जाता जाता: नावाआधी ‘डॉ.’ लावून हा संदेश पुढे ढकलणाऱ्या अनेकांचे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, आहेत. ते तिथे चढवलेत ग्रंथालयातल्याच माणसांनी.

उरला विभाग बंद करायचा सल्ला. मुंबई विद्यापीठात हा अभ्यासक्रम १९४०च्या दशकापासून आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची शाळा १९६१पासून. जुनं आहे म्हणून टिकवा, असं मी म्हणत नाही. अभ्यासक्रमात मेटाडेटा (पुस्तकाविषयीची नोंदवलेली माहिती), देवनागरीचं अक्षरज्ञान आणि थोडं प्रोग्रॅमिंग जास्त हवं, कार्डावरची नोंद कमी चालेल. पण ‘पदवीधरांना नोकऱ्या नाहीत, म्हणजे विषय निरुपयोगी’ हे तर्कट उलटं आहे. पदं आहेत, भरली जात नाहीत. पटत नसेल त्यांनी आपल्या माहितीतल्या कॉलेजच्या कार्यालयात जाऊन ग्रंथपालाचं पद कधीपासून रिकामं आहे आणि त्याचा अतिरिक्त कार्यभार सध्या कुठल्या विषयाच्या सरांकडे आहे, एवढं विचारून यावं.