‘हाडांची औषधं आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आत्याच्या फोनवर दर रविवारी सकाळी साडेसहाला गजर व्हायचा. उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर एक गोळी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन वर्षांपूर्वी नुसतं घसरून तिचं मनगट मोडलं आणि तपासणीत हाडं ठिसूळ झाल्याचं निघालं, तेव्हापासूनचा हा नेम. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे मुक्कामाला होते, तर रविवारी गजर झालाच नाही. विचारलं तर म्हणाली, “अगं, बंद केल्या मी त्या गोळ्या. चार महिने झाले.” आणि तिने फोन माझ्यापुढे धरला.

त्यातला मेसेज थोडक्यात असा: ठिसूळ हाडं हा रोग नाहीच, औषध कंपन्यांनी तो जन्माला घातला. या औषधांनी उलट मांडीचं हाड मोडतं, तेव्हा गोळी असो की इंजेक्शन, आजच बंद करा. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असेल तर हाडं ठणठणीत आहेत. दुधाने रक्त आम्लधर्मी होतं आणि शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. कॅल्शियम आणि ऊन एवढं पुरे. आणि हा बायकांचा आजार आहे, पुरुषांनी चिंता करू नये. शेवटी, ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

पोहोचला. माझ्या आत्यापर्यंत पोहोचला, म्हणून हे लिहिते आहे.

आधी मांडीचं हाड, कारण आत्या घाबरली ती त्यालाच. यात तथ्य आहे, नाकारून चालणार नाही. हाड ही निर्जीव काठी नव्हे. जुनं हाड पोखरून काढणाऱ्या पेशी आणि नवं हाड भरणाऱ्या पेशी आयुष्यभर काम करत असतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, पोखरणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. आत्याची गोळी बिस्फॉस्फोनेट गटातली आहे. ती पोखरणाऱ्या पेशींना आवरते. पण वर्षानुवर्षं आवरून ठेवलं तर हाडातल्या बारीक चिरांची डागडुजीही मंदावते आणि क्वचित कुणाचं मांडीचं हाड फारसा मार न लागता मधोमध मोडतं. हे खरं आहे.

पण क्वचित म्हणजे किती? २०२० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या १,९६,१२९ महिलांचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात असं मांडीचं हाड मोडलेल्या निघाल्या २७७. त्याच अभ्यासाचा पुढचा हिशेब मेसेज लिहिणाऱ्याने वाचला असता तर बरं झालं असतं. दर १०,००० गोऱ्या महिलांनी तीन वर्षं औषध घेतलं, तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची २ होतात. आशियाई वंशाच्या महिलांमध्ये ९१ टळतात आणि ८ होतात. म्हणजे आपल्यासारख्यांना धोका जास्त आहे, हेही मान्य करायलाच हवं. तरी ९१ आणि ८ यांत काय निवडायचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात दगावतं, आणि उरलेल्यांतले कितीतरी पुन्हा आधाराशिवाय चालू शकत नाहीत.

हा धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो आणि औषध थांबवल्यावर झपाट्याने उतरतो. म्हणूनच गोळ्यांना पाच वर्षं झाली, किंवा शिरेतून वर्षाला एकदा घ्यायच्या औषधाला तीन झाली, की डॉक्टर पुन्हा आढावा घेतात आणि जोखीम कमी असेल तर काही काळ सुट्टीही देतात. मांडीत किंवा जांघेत नवीन, बोचरं दुखणं सुरू झालं तर लगेच सांगायचं असतं. आत्याची तर दोनच वर्षं झाली होती.

मला खरा संताप आला तो ‘गोळी असो की इंजेक्शन’ या चार शब्दांचा. आत्याची गोळी हाडात मुरून राहते, त्यामुळे चार महिन्यांच्या खंडाने लगेच आकाश कोसळत नाही. पण दर सहा महिन्यांनी कातडीखाली घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन असतं. ते हाडात साठत नाही. त्याचा असर ओसरला की रोखून धरलेल्या पेशी एकदम उसळतात, कमावलेली घनता वर्ष-दीड वर्षात निघून जाते आणि काही जणांचे एका पाठोपाठ एक अनेक मणके दबतात. ते थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध सुरू करावं लागतं. हे न सांगता ‘आजच बंद करा’ लिहिणं म्हणजे कुणाची तरी पाठ मोडणं आहे. हा मेसेज वाचून कुणी आपलं इंजेक्शन चुकवलं असेल तर कृपा करून आजच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

रक्तातल्या कॅल्शियमचा मुद्दा तर मुळातच उलटा आहे. हृदयाला आणि स्नायूंना कॅल्शियम क्षणोक्षणी लागतं, म्हणून शरीर रक्तातली पातळी ढळू देत नाही. कमी पडलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हुकमाने ते हाडांतूनच काढलं जातं. हाडं पार विरळ झालेल्या माणसाच्या रिपोर्टवरही कॅल्शियम बहुधा नॉर्मलच दिसतं. हाडांसाठी तपासणी आहे ती डेक्सा स्कॅनची, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेची, खुब्याची आणि कमरेच्या मणक्यांची. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता कुठे आहे तो आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, म्हणतात. आत्याचा मणक्यांचा आकडा उणे ३.१ होता आणि त्याच आठवड्यातलं रक्तातलं कॅल्शियम अगदी नॉर्मल. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये आहेत.

‘रोग जन्माला घातला’ याबद्दल एवढंच: उणे २.५ ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९९४ मध्ये आखली, हे खरं. पण पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात हे अमेरिकी डॉक्टर फुलर ऑलब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्येच मांडलं होतं. आत्या घ्यायची ती गोळी अमेरिकेत मंजूर झाली १९९५ मध्ये. रोग आधी कळला, औषध पन्नास वर्षांनी आलं.

दुधाचं उत्तर छोटं आहे. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ७.३५ ते ७.४५ इतक्या अरुंद पट्ट्यात राहतो, आणि ते काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं करतात. दुधाने तो हलत नाही. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी कॅल्शियम दुसरीकडून घ्यावं, बस्स.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच, त्यावर वाद नाही. कमतरता असेल तर ती भरून काढल्याशिवाय औषधही नीट काम करत नाही. पण एकदा हाडं इतकी विरळ झाल्यावर तेवढ्याने भागत नाही. व्यायामाचं तर मेसेजमध्ये नावही नाही. हाडांना भार लागतो: चालणं, जिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली वजनं उचलणं, आणि पडू नये म्हणून तोल सांभाळण्याचा सराव. मणके कमजोर असतील तर कमरेतून पुढे वाकण्याचे व्यायाम मात्र टाळायचे. आणि पुरुष? पन्नाशीपुढच्या पाच पुरुषांपैकी एकाचं हाड ठिसूळपणामुळे कधी ना कधी मोडतं. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं.

हे सगळं ऐकून आत्या म्हणाली, “पण माझी पाठ कुठे दुखते? दुखलं असतं तर मी बंद केल्या नसत्या.” मणक्यांची साधारण दोन तृतीयांश फ्रॅक्चर अशीच कुणाच्या लक्षात न येता होतात, हे मी तिला सांगितलं. मणके दबले की उंची मात्र घटते. वरच्या फळीवरच्या डब्यासाठी ती आता स्टूल ओढून घेते, हे मी तीन दिवस बघत होते. मग तिला चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर पुस्तक सपाट धरलं आणि पेन्सिलीने रेघ ओढली. १५० सेंटिमीटर. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर १५२ लिहिले आहेत.

संध्याकाळी तिने स्वतः डॉक्टरांना फोन केला आणि चार महिन्यांचं सगळं खरं सांगितलं. दोन सेंटिमीटरचं ऐकल्यावर त्यांनी आधी मणक्यांचा एक्स-रे काढायला सांगितला. तो पाहून पुढचं औषध ठरेल. एक्स-रे उद्या आहे. स्टूल मी माळ्यावर टाकलं आणि डबा खाली ओट्यावर ठेवला.