मोठ्या टायरनं ॲव्हरेज पडलं म्हणता? आधी किलोमीटर तपासा

बोलेरोवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: 215/75 आर 15 मापाचे टायर काढून 235/75 आर 15 मापाचे मोठे टायर टाकले की 14 चं ॲव्हरेज 12.5 वर येतं. टाकी फुल करून मोजलंय, स्पीडही जीपीएसशी जुळतो, मग शंका कसली? शंका किलोमीटरची.

‘टाकी फुल करून मोजलंय.’ लिटर बरोबर असतील, पण किलोमीटर ओडोमीटरवरूनच, म्हणजे गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरवरूनच, घेतलेत ना? तो चाकाचे फेरे मोजतो आणि कंपनीनं ठरवून दिलेल्या घेरानं गुणतो. जुन्या मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण 2.21 मीटर जातो, नवा 2.30. मीटरवर 100 पडतात तेव्हा गाडी 104 किलोमीटरच्या वर गेलेली असते. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेजही याच फेऱ्यांवरून निघतं, त्यामुळे त्याची साक्ष वेगळी धरता येत नाही.

शिवाय टायर आपण बदलतो कधी? गुळगुळीत झाल्यावर. टायरवरची 8 मिमी खोल नक्षी झिजून 1.6 वर आली की व्यास जवळपास 13 मिमी घटतो आणि मीटर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे आधीचे 14 खरे पावणेचौदा, आत्ताचे 12.5 खरे 13. दीडची घट पाऊणवर आली!

‘स्पीड जीपीएसशी जुळतो.’ सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. स्पीडोमीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही असा नियम आहे, म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. ओडोमीटरला अशी वाढ दिलेली नसते. मोठ्या टायरनं काट्यातली वाढ खाल्ली म्हणून वेग जुळला, आणि त्याच टायरनं किलोमीटर कमी पडायला लागले.

उरलेली पाऊण घट मात्र खरी असू शकते. चाक जड झालं, रुंदी वाढली, गिअर लांब पडले (इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त जाते, पण ओढ कमी पडते), गावातल्या रस्त्यावर गाडी खालच्या गिअरमध्ये जास्त राहते. ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची, नक्षी असेल तर आणखी भर. ‘सगळा मीटरचाच खेळ’ म्हणणारेही तितकेच चुकतात.

हायवेवर 100 किलोमीटर फोनच्या जीपीएसवर आणि मीटरवर एकदाच मोजा. जीपीएसच्या आकड्याला मीटरच्या आकड्यानं भागा आणि जे येईल त्यानं पुढचं प्रत्येक ॲव्हरेज गुणा. ऑइल बदलतानाही तोच हिशेब लावा: मीटरवर 10,000 झाले असतील, तर इंजिननं गाडी सव्वाचारशे किलोमीटर जास्त ओढलेली आहे.