‘शंभर टक्के मुलगा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

खानापूर तालुक्यात दिलेली माझी भाची रविवारी बेळगावात घरी आली आणि चहा निवेपर्यंत काही बोललीच नाही. मग मोबाइल पुढं केला. “खरं काय गं मावशी हे? सासूबाई रस्त्याकडेचं शेत काढूया म्हणतायत.”

मेसेज असा: ‘उत्तर सायप्रसला आयव्हीएफ करा. शंभर टक्के गॅरंटी. हवा तर मुलगा. भारताचा कायदा लागू नाही. वयाची अट नाही. आठ दिवसांत घरी.’ खाली 48व्या वर्षी आई झालेल्या बाईचा फोटो आणि एजंटचा नंबर. उत्तर सायप्रस म्हणजे भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटाचा तुर्कांच्या ताब्यातला उत्तरेकडचा भाग. भाची 38 वर्षांची, लग्नाला 12 वर्षं झालेली, आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट-ट्यूब बाळाच्या, दोन फेऱ्या वाया गेलेल्या. अशा पोरीच्या हातात हे कुणी का द्यावं?

सगळ्यात आधी ‘हवा तर मुलगा’. तिथं लिंगनिवड चालते, हे खरं आहे, म्हणूनच एजंटाचं फावतं. पण करतात काय, ते मेसेजात नाही. बीज फळल्यावर पाचव्या दिवसाच्या सुमारास त्या गर्भाच्या काही पेशी काढून तपासतात आणि मुलीचे गर्भ बाजूला टाकतात. पंचवीस वर्षांच्या बाईला आठ-दहा गर्भ मिळतीलही. माझ्या भाचीला मागच्या फेरीत दोनच मिळाले होते. त्यातला एक धडधाकट गर्भ मुलीचा म्हणून टाकायचा, आणि तोही मूल व्हावं म्हणून शेत विकून! बारा वर्षं जी पोर कुठलंही लेकरू चालेल म्हणते, तिला हे सांगायला जीभ कशी रेटते?

आणि ‘कायदा लागू नाही’ म्हणे. कायदा मी वाचला. 2021चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, कलम 32. लिंगनिवडीची जाहिरात क्लिनिकनं, बीज-वीर्याच्या बँकेनं किंवा त्यांच्या एजंटनं कुठल्याही मार्गानं केली, इंटरनेटवरूनसुद्धा, तर 5 ते 10 वर्षं कैद, किंवा 10 ते 25 लाख दंड, किंवा दोन्ही. उपचार सायप्रसात होईल, पण मेसेज फिरतोय तो इथं. 1994च्या गर्भलिंगनिदान कायद्यातही अशा जाहिरातीला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कायद्याचं कलम 24 सासूबाईंना वाचून दाखवायला हवं: गरोदर बाईची लिंगतपासणी झाली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी करायला लावली असंच धरलं जातं.

शंभर टक्के गॅरंटी जगातला कुठलाच डॉक्टर देऊ शकत नाही. देश बदलला म्हणून बाईच्या बीजाचं वय कमी होत नाही. फोटोतल्या बाईसारख्या 48व्या वर्षी बहुतेक वेळा दुसऱ्या तरुण बाईचं बीज वापरलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण ते सांगून करावं. फोटोखाली त्याचा एक शब्द नाही.

इथल्या अडचणी मला मान्य आहेत. आपल्याकडे बाईला 50 आणि पुरुषाला 55 ही वयाची मर्यादा आहे. बीज देणारी बाई आयुष्यात एकदाच देऊ शकते, त्यामुळे थांबावं लागतं. खर्चही आधी नीट कुणी सांगत नाही. लोक बाहेर बघतात ते काही हौसेनं नाही.

पण ‘आठ दिवसांत घरी’ हे धोक्याचं आहे. नुसती इंजेक्शनंच दहा-बारा दिवस चालतात. त्यानं अंडाशय फार सुजलं, तर बीज काढल्यावर काही दिवसांनी पोटात पाणी होतं, धाप लागते, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. ते नेमकं परतीच्या विमानात झालं तर? तिथं राहूनच झालं, तर त्या भागाला तुर्कस्तानखेरीज कुठल्याच देशाची मान्यता नाही. मदत मागायची तर भारताचं उच्चायुक्तालय सीमारेषेपलीकडे, बेटाच्या दक्षिण भागात. भाचीला तर हिंदीसुद्धा अडखळत येते.

मी तिच्याच मोबाइलवरून एजंटला दोन प्रश्न पाठवले: बीज कुणाचं वापरणार, आणि गर्भ एकही तयार झाला नाही तर पैसे परत देणार का, लिहून द्या. उत्तर आलं, ‘फोन करा ताई.’ लिहून काही आलं नाही.

मग तिची फाइल उघडली. जावयाची वीर्यतपासणी बारा वर्षांत एकदाच, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. मंगळवारी दोघं मिळून तपासणीला जातायत. शेताचं बोलणं तूर्त थांबवलंय.