खमक्या माणूस आला तर बेळगावचं काय होईल?

"दिल्लीत एक खमक्या माणूस बसवा, सगळे अधिकार त्याला द्या, सहा महिन्यांत सीमाप्रश्न निकाली निघतो की नाही बघा." १ नोव्हेंबरचा काळा दिन जवळ आला की बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या आमच्या नातेवाइकांत कुणीतरी हे म्हणतंच. यंदा धाकट्या मावसभावाने म्हटलं, आणि इथे जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये राहून मला ते कानाआड करता आलं नाही.

त्याचा वैताग खरा आहे. १९५६ साली आपला कौल न घेता आपल्याला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात घातलं. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. मोर्चे काढून पिढ्या थकल्या. असा हुकमी माणूस हवासा वाटतो तो थकलेल्या माणसांनाच.

पण असा माणूस आल्यावर काय होतं ते जर्मनीने पाहिलंय. १९२८ साली हिटलरच्या पक्षाला २.६ टक्के मतं होती. मग मंदी आली, बेकारांचा आकडा ६० लाखांवर गेला आणि जुलै १९३२ मध्ये तीच मतं ३७ टक्के झाली. खुल्या निवडणुकीत बहुमत त्याला कधीच मिळालं नाही. नोव्हेंबरात तर तो ३३ टक्क्यांवर घसरला होता. तरीही ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमलं. भोवतालच्या बड्या मंडळींना वाटलं, याला आपण मुठीत ठेवू. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत पेटली, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि भाषण, सभा, वृत्तपत्र यांचं स्वातंत्र्य स्थगित झालं. २३ मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार सरकारला देऊन टाकला. कम्युनिस्ट खासदार तोवर तुरुंगात किंवा भूमिगत होते, सभागृहात हिटलरच्या पक्षाच्या दलाचे तपकिरी शर्टवाले उभे होते. विरोधात पडली ९४ मतं, सगळी सोशल डेमोक्रॅटांची. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने होकार दिला, कारण त्यांना लेखी हमी कबूल केली होती. ते पत्र आलंच नाही. जुलैत तो पक्षही उरला नाही.

सीमाभागातल्या माणसाने खरं वाचावं ते यापुढचं. त्याच मार्चमध्ये राज्यांची सरकारं हटवून बर्लिनने आपले आयुक्त बसवले. कोलोनचे महापौर आडेनाउअर यांना पदावरून काढलं. जानेवारी १९३४ मध्ये राज्यांच्या विधानसभाच रद्द झाल्या. कुठला जिल्हा कुठल्या राज्यात, हा वाद मग आपोआप मिटतो, कारण राज्य नावापुरतं उरतं.

आणि भाषा? ड्रेस्डेनहून रेल्वेने तासाभराच्या आत बाउत्सेन येतं. स्टेशनच्या पाटीवर जर्मन नावासोबत दुसरंही नाव आहे, बुडिशिन. ते सोर्बियन. ही स्लाव्ह भाषा जपणारे सोर्ब लोक जेमतेम ६० हजार असतील. १९३७ मध्ये त्यांच्या दोमोविना या संघटनेवर बंदी आली, वर्तमानपत्र बंद पडलं, पुढे शाळेतून भाषा गेली. शिक्षक आणि पाद्री दूरच्या भागांत बदलून पाठवले. दाद कुठे मागणार? दुकानांच्या पाट्यांवर मराठी किती असावी यावरून बेळगावात होणारी भांडणं मी लहानपणापासून बघतोय, म्हणून त्या पाटीपुढे माझे पाय थांबतात.

आपल्यावरचा अन्याय मी कमी लेखत नाही. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली. २००५ साली पालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला तर पालिकाच बरखास्त झाली. २०१३ नंतर तिची निवडणूक थेट २०२१ ला झाली. हे लोकशाहीतच घडलं, कबूल. पण अधिकार इतक्या ठिकाणी वाटलेले असताना हे होतं, तर सगळ्या सह्या एकाच हातात गेल्यावर काय होईल? तो हात मराठी माणसाच्या बाजूचा असेल, हे मावसभाऊ कशावरून धरून चालतो? राज्यात संख्येने आपण थोडे आहोत. ज्याला कुणाला उत्तरच द्यायचं नाही, तो थोड्यांचं कशाला ऐकेल?

हातात आहे ते फार नाही, पण आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणासाठी घटनेचं ३५०-अ कलम आहे, कोर्टात दावा आहे, १ जूनला १९८६ च्या हुतात्म्यांसाठी हिंडलग्याच्या स्मारकाशी जमता येतं. मराठीतून परिपत्रकं मिळावीत म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात पुन्हापुन्हा निवेदन देणारी माणसं आहेत. मावसभावाला मी म्हटलं, त्यांच्याबरोबर जा, आणि पालिकेची पुढची निवडणूक वेळेवर लागावी यासाठी आतापासून भांडायला लागा.