नाकीचा तो फॉरवर्ड: जिराफ खरा, बाकीचं बघू

परवा परत आला तो मेसेज. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर पाच-सहा महिन्यांनी येतोच, या वेळी मोठ्या काकांनी टाकला, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मजकूर थोडक्यात असा: केपटाउनच्या मेडिकल कॉलेजातला माळी, अंगठाछाप काळा माणूस हॅमिल्टन नाकी, त्यानं १९६७ मध्ये जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, गोऱ्या सरकारच्या भीतीनं ते दाबलं गेलं, क्रेडिट डॉ. ख्रिस्तियान बर्नार्डनं खाल्लं आणि शेवटी युनिव्हर्सिटीनं लाजेकाजेस्तव नाकीला डॉक्टर केलं. काकांना ग्रुपवर उलट बोलायची आपली टाप नाही, म्हणून इथे लिहितोय.

"त्या रात्री हृदय नाकीनंच काढलं." नाही हो. २ डिसेंबरला डेनिस डार्व्हल नावाची २५ वर्षांची मुलगी आईबरोबर बेकरीतून केक घ्यायला गेली, रस्ता ओलांडताना दोघींना कारनं उडवलं, आई गेली आणि डेनिसचा मेंदू कामातून गेला. हृदय काढायला वडिलांनी होकार दिला. मग रात्री ग्रूट शूर हॉस्पिटलात दोन थिएटरं शेजारी-शेजारी चालू, एकात डेनिस, दुसऱ्यात तिचं हृदय ज्याला बसवायचं तो लुई वॉशकान्स्की, किराणा दुकानवाला. डेनिसच्या टेबलावर बर्नार्डचा सख्खा भाऊ मारियस आणि टेरी ओडोनोव्हन होते. त्याच महिन्याच्या शेवटी साउथ आफ्रिकन मेडिकल जर्नलनं या ऑपरेशनवर अख्खा अंक काढला, त्यात नाकीचं नाव नाही. नाकी मेडिकल स्कूलच्या प्राण्यांच्या लॅबमध्ये काम करायचा, माणसांच्या थिएटरमध्ये नाही. यावर "अहो लपवलंच होतं तर नाव कसं सापडेल" हा ठरलेला प्रश्न येतो. पण टीम होती तीसेक माणसांची, आणि मारियस पुढे वर्णभेदाला विरोध करणाऱ्या पक्षाचा खासदार झाला, आणि तो २०१४ पर्यंत जिवंत होता, म्हणजे गोरं सरकार जाऊन वीस वर्षं झाली तरी. त्यानं कुणाला घाबरून तोंड शिवून ठेवलं असतं?

"न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलंय." आलं होतं, खरंय. मे २००५ मध्ये नाकी वारला तेव्हा टाइम्स आणि इकॉनॉमिस्ट दोघांनीही हीच गोष्ट छापली आणि काही महिन्यांतच दोघांनीही चूक कबूल केली. चुकीची दुरुस्ती कोण फॉरवर्ड करतंय!

आता बर्नार्ड, "नुसता फोटोला उभा राहिलेला". माणूस प्रसिद्धीचा भुकेला होता यात वादच नाही, पण काम बघा ना. काही बाळं जन्मतःच आतड्यात अडथळा घेऊन येतात आणि तेव्हा त्यातली बरीचशी दगावायची. बर्नार्डनं गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लावर ऑपरेशन करून आतड्याच्या एका भागाचा रक्तपुरवठा बांधला, पिल्लू परत आत ठेवलं, आणि जन्मल्यावर बघतो तर तोच अडथळा तयार! म्हणजे गोम रक्तपुरवठ्यात होती, मग सर्जन ते खराब टोक कापून जोडायला लागले आणि बाळं वाचायला लागली. या कामाच्या जोरावर तो अमेरिकेत मिनेसोटाला सर्जरीचे प्रोफेसर वँगेनस्टीन यांच्याकडे पोचला, तिथे हृदयाची शस्त्रक्रिया शिकला, १९५८ ला पीएचडी घेऊन परतला आणि सोबत हार्ट-लंग मशीनही (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र) मिळवलं. माणसाला हात लावायच्या आधी कुत्र्यांवर पन्नासेक प्रत्यारोपणं झाली होती.

क्रेडिटवरून भांडायचंच असेल तर एक खरं भांडण आहे की. कुत्र्याचं हृदय बदलायची पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या शमवे आणि लोअर या सर्जननी १९६० मध्येच छापली होती, आणि बर्नार्ड १९६६ मध्ये अमेरिकेतच रिचमंडला (लोअर तोवर तिकडे गेला होता) राहून लोअरचं काम बघून आला होता. शमवे वर्षानुवर्षं तयारी करत राहिला आणि नंबर लागला केपटाउनचा. न्यूयॉर्कच्या कँट्रोविट्झनं अवघ्या तीन दिवसांनी ऑपरेशन केलं, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी, पेशंट काही तासच जगला. याचा फॉरवर्ड कधी आलाय का कुणाला?

अंगठाछाप वगैरेही थाप, नाकी चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत होता. डॉक्टरकीचं म्हणाल तर २००३ मध्ये युनिव्हर्सिटीनं त्याला मेडिसिनची मानद मास्टर्स पदवी दिली, त्यानं काही कुणी प्रॅक्टिस करत नाही.

मग नाकीनं केलं काय? प्राण्याला भूल द्यायची, छाती-पोट उघडायचं, बारीक रक्तवाहिन्यांना टाके घालायचे, ऑपरेशननंतर त्यांचं बघायचं. पुढे डुकरांवरची यकृत प्रत्यारोपणं. शिकाऊ गोरे सर्जन त्याच्याकडे बघून टाके शिकले, आणि त्याचा हात आपल्यापेक्षा सफाईदार होता हे बर्नार्डनं म्हातारपणी स्वतः कबूल केलं. असल्या माणसाला मेडिकलला प्रवेश घेता आला नाही, १९५९ च्या कायद्यानं तर काळ्या पोरांना गोऱ्या युनिव्हर्सिटीची दारंच लावून घेतली. यावर फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही, कारण लिहिणाऱ्याच्या हिशोबानं माणसाची छाती उघडल्याशिवाय नाकीला भाव नाही.

आणि सगळ्यात थाप वाटते ती मेसेजमधली जिराफाची गोष्ट मात्र खरी. १९५४ साली प्रोफेसर गोएट्झ शोधत होते की एवढी लांब मान खाली घालून पाणी पिताना जिराफाला चक्कर कशी येत नाही. भूल दिलेलं ते धूड धरायला दणकट माणूस हवा होता, तर टेनिस कोर्टावर रोलर फिरवणाऱ्या माळ्याला, म्हणजे नाकीला, आत बोलावलं. काकांच्या मेसेजमध्ये नेमकं हेच एका ओळीत उरकलंय.