‘मिलिटरी ग्रेड’ कव्हर घातलं की फोन फुटतच नाही?

‘मिलिटरी ग्रेड कव्हर घ्या. लष्कराने प्रमाणित केलेलं असतं, त्यामुळे कितीही उंचावरून पडला तरी फोनला काही होत नाही. जितकं जाड तितकं चांगलं. पाण्याचीही काळजी नको. एकदा घातलं की परत काढूच नका.’ अशा अर्थाचा सल्ला सतत फिरत असतो. चांगल्या कव्हरने फोन वाचतो, यावर माझा वाद नाही. पण या सल्ल्यातली कारणं चुकीची आहेत, आणि कारणं चुकली की कव्हरही चुकीचं निवडलं जातं.

पहिला मुद्दा लष्कराचा. बॉक्सवर ‘मिल-एसटीडी-810’ असं छापलेलं असतं. हा अमेरिकी संरक्षण खात्याचा दस्तऐवज आहे. उष्णता, दमटपणा, धूळ, कंपन, धक्का अशा गोष्टींसाठी उपकरणं कशी तपासावीत, याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत. 2008 ची ‘जी’ आणि 2019 ची ‘एच’ या त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या. बाजारातल्या मोबाईल कव्हरांना हे खातं प्रमाणपत्र देत नाही. कंपनी स्वतः चाचणी करते किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेते, आणि शिक्का स्वतःच मारते. कोणती चाचणी घ्यायची, हेही तीच ठरवते.

पडण्याची चाचणी तरी नेमकी कशी असते? ‘जी’ आवृत्तीत हलक्या वस्तूंसाठी 122 सेंटीमीटर उंची धरली आहे. सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे मिळून 26 वेळा वस्तू पाडायची. खाली काँक्रीट असतं, पण त्यावर दोन इंच जाडीचं प्लायवूड. आणि मला सगळ्यात मजेशीर वाटते ती सवलत: हे 26 आघात एकाच नगावर व्हायला हवेत असं नाही, पाच नगांमध्ये वाटून घेता येतात. म्हणजे एकेक नग पाच-सहा वेळा पडला तरी चाचणी नियमाला धरूनच. तुमचा फोन मात्र एकच असतो आणि तो पडतो फरशीवर नाहीतर डांबरी रस्त्यावर. त्यामुळे बॉक्सवर उंची, पृष्ठभाग आणि पाडण्याची संख्या यांतलं काहीच लिहिलेलं नसेल, तर ‘मिलिटरी ग्रेड’ हे दोन शब्द न वाचल्यासारखेच धरा.

‘कितीही उंचावरून’ हे तर साध्या गणितातही बसत नाही. हातातून, म्हणजे साधारण 1.2 मीटरवरून सुटलेला फोन ताशी 17 किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतो. 3 मीटरवरून पडला तर हाच वेग 27 च्या पुढे जातो आणि ऊर्जा अडीचपट होते. कव्हरला ही ऊर्जा नाहीशी करता येत नाही. ते फक्त थांबण्याचं अंतर वाढवतं. वरून आलेला चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, तेच काम कोपऱ्यातला मऊ भाग करतो. नुसती काच आदळून मिलिमीटरच्या दहाव्या भागात थांबत असेल आणि कोपरा दबल्यामुळे हे अंतर दोन मिलिमीटर झालं, तर सरासरी धक्का विसाव्या हिश्शावर येतो. पण फोन पडद्याच्या बाजूने टोकदार खडीवर पडला, तर कोपरे आणि पडद्याभोवतीची कव्हरची वर आलेली कड दोन्ही निरुपयोगी. ती कड सपाट जमिनीसाठीच असते.

यातूनच जाडीचं उत्तर मिळतं. नुसत्या पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, जाड कव्हर दबत नाही, त्यामुळे धक्का बराचसा आत पोहोचतो. उलट सगळंच मऊ असेल तर ते कालांतराने सैल पडतं आणि आदळताना फोन बाहेर निसटू शकतो. आत मऊ टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक), बाहेर कडक पाठ आणि कोपऱ्यांत थोडी पोकळी, अशी जोडणी मला सर्वांत पटते. हातात घेऊन कोपरा अंगठ्याने दाबा. जरा दबून पुन्हा पूर्ववत व्हायला हवा. मग फोन पालथा ठेवा आणि पडदा टेबलाला टेकतो का पाहा. टेकला तर ते कव्हर कितीही दणकट दिसो, नको. स्क्रीनगार्ड लावणार असाल तर तो लावूनच हे बघा, कारण त्याची जाडी कडेच्या उंचीतून वजा होते. (त्याच्यावरचं ‘9एच’ हे बहुधा पेन्सिलच्या कडकपणाचं माप असतं. तोही असाच एक भारदस्त शिक्का.) शिवाय जाड कव्हरने फोन इतका रुंद झाला की एका हातात मावेना, तर तो जास्त वेळा पडणार, हा हिशेब कोणी सांगत नाही.

पाण्याबद्दल फार बोलायला नको. बहुतेक रग्ड, म्हणजे दणकट, कव्हरांना चार्जिंग आणि स्पीकरसाठी उघडी भोकं असतात. पाणी अडवतात ती फोनच्या आतली सीलं, आणि तीही वयाबरोबर कमजोर होतात. कव्हर स्वतः आयपी68 (धूळ आणि पाणी अडवण्याचं मानांकन) असेल तर त्याची सगळी तोंडं बंद होणारी असतात. तरीही त्यातला पाण्याबद्दलचा ‘8’ किती खोली आणि किती वेळ सांगतो, हे निर्माता ठरवतो. तो तपशील वाचायलाच लागतो.

आणि ‘काढूच नका’ हा सल्ला सगळ्यात वाईट. वाळूतलं क्वार्ट्झ हे खनिज कडकपणाच्या मोह्स मापावर 7 असतं, फोनची काच साधारण 6 च्या आसपास. कव्हर आणि पाठ यांच्यात अडकलेले कण रोज थोडेथोडे घासत राहतात. अधूनमधून कव्हर काढून आतून पुसा. फोन भिजला तर कव्हर काढून, पोर्ट कोरडा झाल्यावरच चार्जर लावा. जाड कव्हरमध्ये चार्जिंग करताना किंवा बराच वेळ गेम खेळताना फोन चटका बसेल इतका तापत असेल, तर तेवढ्यापुरतं ते उतरवा. सतत तापणारी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. वायरलेस चार्जिंग वापरत असाल तर कव्हरमध्ये धातूची पट्टी किंवा अंगठीचा स्टँड नाही ना, हे खरेदीआधीच तपासा.