दादा, डॉलरचा हिशेब अर्धाच केलात

निपाणीच्या दादांस,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लक्षद्वीपातल्या मिनिकॉय बेटावरच्या सारंगाबद्दल, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाबद्दल, मी लिहिलं ते रडगाणं आहे, असं तुमचं म्हणणं. डॉलरमध्ये पगार, चार-सहा महिने सुट्टी, फुकटात जगप्रवास, मग दुःख कसलं? आणि बेळगावकडं बसून समुद्रावर कशाला लिहायचं?

नुसतं बसून नाही ओ लिहिलं. खानापूरचा असलो तरी नऊ वर्षं डेकवर गंज खरवडलाय, त्यातलं एक कंत्राट याच सारंगाच्या हाताखाली.

आधी सुट्टीचं बोलू. आपल्या गावागावांत फौजेतली माणसं, त्यामुळं सुट्टी म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीचा पगारी रजेवर आलेला जवान डोळ्यांसमोर येतो. कंत्राटी खलाशी जहाजावरून उतरला की पगार बंद. पुढचं कंत्राट दोन महिन्यांत मिळेल, नाहीतर आठ. नऊ महिन्यांची कमाई दीड वर्षावर पसरा आणि मग डॉलर मोजा.

त्यात हा बेटावरचा. लक्षद्वीपात विमानतळ एकच, अगत्तीला. मिनिकॉय पार दक्षिणेला, नाइन डिग्री चॅनेल नावाच्या समुद्रपट्ट्याच्या पलीकडं. म्हणजे जहाजावर चढायला आधी दुसऱ्या जहाजानं कोची गाठायची. एका पावसाळ्यात त्याची बोट रद्द झाली आणि जागा दुसऱ्याला गेली.

जगप्रवास म्हणाल तर रॉटरडॅमच्या बंदरात मी तीनदा गेलो. क्रेन बघितल्या.

आणि हा सारंग मलयाळी नव्हे. महल नावाची भाषा बोलतो, लिहितो उजवीकडून डावीकडं. लग्नानंतर तिकडं नवराच बायकोच्या घरी राहायला जातो. पुरुष वर्षातला बराच काळ पाण्यावर, तेव्हा घर बायकांच्या नावावर असणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

मी मेसमध्ये कुंद्याचा, आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा उघडला, तेव्हा त्यानं बॅगेतून मास काढला. उकडून, धुरी देऊन, उन्हात कडक केलेला ट्यूना. टेबलावर आपटला तर खट्ट वाजला. लाकूड आहे का, विचारलं. उत्तर न देता त्यानं सुरीनं सुपारीसारख्या चकत्या काढून माझ्या भातावर टाकल्या. कुंदा मात्र सगळा त्यानंच संपवला.

ऊसतोडीवर लिहा म्हणता, त्यातलं मला कळत नाही. तुम्ही लिहून पाठवा, इथंच छापतो.

तुमची एक दुरुस्ती मान्य. मिनिकॉयचं दीपगृह पोर्तुगीजांचं नव्हे, इंग्रजांनी १८८५ साली बांधलेलं. लेखात बदल केलाय.